मोरी मोकळी केली आणि तिवरं आपोआप आली: आमच्या खाडीतला अनुभव

आमचं गाव मुचकुंदीच्या खाडीवर, पूर्णगडपासून थोडं आत. गेली काही वर्षं गावात खारफुटी, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, राखायचं काम चालूय. मी बचतगटात आहे आणि गावाच्या खारफुटी समितीचं लिहायचं सगळं माझ्याकडे, त्यामुळे पहिल्यापासून त्यात आहे. आजूबाजूच्या गावातनं बऱ्याच जणी विचारतात, कसं केलंत, झाडं कुठनं आणलीत, पैसे कोणी दिले, सातबाऱ्याला काही होतं का, आणि फोनवर दर वेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहिते.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाडीच्या कडेला आमचं खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्यातली खारी जमीन, आहे. सासऱ्यांच्या लहानपणी तिथे मातीचा बांध घालून भात करायचे, खाऱ्या जमिनीत येणारं जुनं बियाणं होतं. मग घरटी माणसं मुंबईला गेली, बांधावर दरवर्षी माती टाकायला हात उरले नाहीत, खेकड्यांनी बांध पोखरला आणि एका पावसात मोठी खांड पडली ती पडलीच. खाडीचं पाणी आत खेळायला लागलं तशी खाजणात तिवरं उगवली, ही खारफुटीचीच एक जात. ही झाली खालची बाजू. वरच्या बाजूला एक वहाळ, म्हणजे ओढा, खाडीला मिळतो आणि त्याच्या तोंडावरनंच वाडीचा रस्ता गेलाय. रस्ता करताना भराव टाकला आणि पाण्याला म्हणून एकच पाइप ठेवला, तीच मोरी. त्या पाइपात गाळ, नारळाची सोडणं, प्लास्टिक, फाटक्या जाळ्यांचे तुकडे असं बसत गेलं. परिणाम काय, तर रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला तिवरं हिरवीगार आणि आतल्या बाजूला नुसते वाळलेले सांगाडे. जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना हे दिसायचं, लोकं म्हणायची की तिकडची जमीनच वाईट आहे.

गाव जागं झालं ते वादळांमुळे. 2019 च्या दिवाळीत क्यार आलं, कापलेलं भात शेतातच भिजलं. 2020 च्या 3 जूनला निसर्ग, ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं पण दापोली-मंडणगडातल्या माडा-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते सगळ्यांनी बघितलं. आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते, तारीख 16, ते तर आमच्या समोरनं वर गेलं. आधी म्हातारी माणसं वादळ म्हटलं की 2009 च्या फयानचीच गोष्ट सांगायची, आता लागोपाठ तीन वर्षं तीन झाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा 2021 चा अभ्यास आहे, अरबी समुद्रातली चक्रीवादळं 2001 ते 2019 या काळात त्याआधीच्या दोन दशकांच्या मानाने 52 टक्क्यांनी वाढली. हा आकडा नंतर एका मीटिंगमध्ये कळला, पण तोपर्यंत तो कोणाला पटवून द्यावा लागला नाही.

तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीकाठानं चालत गेलो. जिथे तिवरांचा दाट पट्टा होता तिथे मागचा उरलासुरला बांध जसाच्या तसा उभा, फक्त झाडांत प्लास्टिक आणि पेंढा अडकलेला. आणि जिथे होड्या लावायला आणि जळणाला म्हणून पट्टा साफ केलेला तिथे कडा खचून माती खाडीत गेली होती, त्याच्या मागच्या विहिरीचं पाणी तेव्हापासून मचूळ आहे, भांडी घासायला चालतं पण तांदूळ शिजवायला नाही. मोहल्ल्यातले एक चाचा आमच्याबरोबर होते, आयुष्य खाडीत गेलेलं माणूस. ते म्हणाले, नुकतीच अक्षय तृतीया झाली, अवसेचं उधाण (मोठी भरती) उतरणीला लागलेलं, म्हणून एवढ्यावर निभावलं, हेच अवसेला आलं असतं तर पाणी तुमच्या पडवीत असतं. हे ऐकून सगळे गप्प झाले, कारण हिशोब बरोबर होता.

त्याच पावसाळ्यात बाहेरनं एक संस्था आली. नाव लिहीत नाही, मुलं चांगली होती, मेहनतीही होती. टेम्पोतनं कांदळाची, म्हणजे खारफुटीच्याच दुसऱ्या जातीची, रोपं आणली, शाळेची पोरं बोलावली, बॅनर लावला आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात रांगेत रोपं लावली. जागा त्यांनी गुगल मॅपवर बघून ठरवलेली, मोकळी दिसते म्हणून. आमच्या वाडीतल्या आक्का तिथेच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाबांनो, हितं नको, हितं मुळे आहेत. आणि हितं आजवर एक झाड आलेलं नाय, ते का नाय आलं ते तरी इचारा." कोणी विचारलं नाही, फोटो काढून संध्याकाळी टेम्पो गेला.

मुळे म्हंजे ते शिंपले, ज्यांचं सुकं करतात. आमच्या खालच्या वाडीतल्या आणि मोहल्ल्यातल्या मिळून कितीतरी बायका मुळे, तिसऱ्या, कालवं यावर घर चालवतात. उधाणाच्या ओहोटीला पाणी लांब जातं तेव्हा पहाटे जायचं, कमरेत वाकून चिखल चाचपत काढायचे, टोपली भरली की डोक्यावर घेऊन बाजार. होडी लागत नाही, भांडवल लागत नाही, नवरा नसला तरी बाई हे करू शकते. अशा जागी रोपं लावली की रांगांमधनं चालताही येत नाही आणि "रोप तुडवलं" म्हणून बोलणी बायकांनाच.

दिवाळीपर्यंत त्या रोपांच्या दांड्यांना बारीक पांढरे शिंपले चिकटून ती वाकली, काहींना खेकड्यांनी कुरतडलं, काही लाटेनं उपटून गेली. शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांनी विचारलं ते लावलेलं जंगल कुठाय, तर दाखवायला बांबू होते फक्त. कारण नंतर कळलं आणि ते साधं आहे, खारफुटीला पाणी लागतं पण सतत बुडून राहणं चालत नाही. भरतीच्या वरच्या अर्ध्या पट्ट्यात ती वाढते, जिथे रोज काही तास मुळं उघडी राहतात आणि हवा घेतात. तिवराची ती बोटभर उभी मुळं चिखलातनं वर येतात ती त्यासाठीच. खालच्या चिखलात दिवसातला बहुतेक वेळ पाणी, तिथे रोप गुदमरतं. आक्कांनी "झाड का आलं नाही ते विचारा" म्हटलं होतं, त्याचं उत्तर हेच.

मला या सगळ्यात सर्वात जास्त राग कशाचा येतो सांगू का, झाडं मेली त्याचा नाही. ज्या बाईला उत्तर माहीत होतं ती तिथे उभी होती, बोलत होती, आणि तिचं बोलणं कामाचा भाग आहे असं कोणाला वाटलंच नाही.

तर मग गावबैठक झाली. पहिली देवळात झाली तर मोहल्ल्यातले आले नाहीत, म्हणून पुढची शाळेत घेतली. तिथे ठरलं की बाहेरचं कोणी यायच्या आधी आपली खाडी आपण लिहून काढायची. अवसेच्या आसपास ओहोटी बघून बायका, चाचा, दोन-तीन तरणी पोरं आणि मी वही घेऊन असे निघालो. काठ्या आणि जुन्या साड्यांच्या रंगीत चिंध्या नेल्या होत्या. मुळ्यांच्या जागेला लाल, होड्यांच्या वाटेला निळी, कोळंबीची बारीक पिल्लं जिथे दिसतात त्या पाणथळीला पिवळी, आणि जिथे पूर्वी झाडं होती आणि आता नाहीत तिथे हिरवी. किती बारीक माहिती असते माणसांकडे! एक काकी चिखलात पाय घालून सांगायच्या, इथे रेती जास्त आहे मुळे गोड लागतात, इथे काळा गाळ आहे वास येतो, इथे दोन वर्षांपूर्वी गुडघाभर होतं आता घोटाभर आहे म्हंजे गाळ भरतोय. हे कुठल्या सॅटेलाइटला दिसणार? शेवटी घरी येऊन शाळेच्या चार्टपेपरवर नकाशा काढला आणि ग्रामसभेत ठराव घेतला. त्यात पहिलंच कलम असं की मुळ्यांच्या जागी एकही रोप लावायचं नाही, मग पैसे कोणीही देवो.

आणि त्या नकाशात गंमत अशी झाली की हिरव्या चिंध्या जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणी आल्या, रस्त्याच्या आतल्या बाजूला, वहाळात.

गावातला एक मुलगा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलाय. त्याने दोन बांबूंवर रंगाने खुणा केल्या, एक मोरीच्या बाहेर रोवला एक आत, आणि भरती चढताना आम्हाला बसवलं बघायला. बाहेरच्या बांबूवर पाणी चढतंय चढतंय, गुडघ्याच्या वर आलं, आणि आतल्या बांबूला चार बोटं सुद्धा नाही. ओहोटी लागली, बाहेरचं उतरून गेलं, आत होतं तेवढं तसंच बसून. त्याने मग समजावलं. पावसात आत गोडं पाणी तुंबून राहतं, मुळं बुडतात. उन्हाळ्यात तेच आटतं आणि मीठ मागे राहतं, भरती ते धुवायला येत नाही, त्यामुळे दरवर्षी मीठ साठत जातं. एप्रिलमध्ये तिथे पांढरा थर दिसायचा तो हाच. समुद्राच्या पाण्यात जगणारं झाड त्याच्या दुप्पट-तिप्पट खारटपणात टिकणार कसं. रोज दोन वेळा पाणी येऊन परत गेलं पाहिजे, एवढी एकच त्याची मागणी.

म्हणजे आम्हाला झाडं लावायची नव्हतीच. मोरी मोकळी करायची होती.

आता वेळ कशी ठरवायची ते सांगते कारण नव्या पोरांना हे माहीत नसतं आणि ॲपमध्ये बघत बसतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फार चढतही नाही फार उतरतही नाही. म्हणून मोरीच्या श्रमदानाला अष्टमी धरली, सकाळी घरचं आवरून माणसं येतील आणि दुपारी पाणी कमी असेल. फावडी, घमेली, पाइपात घालायला लांब बांबू आणि बांबूला बांधलेला लोखंडी आकडा. दोन्ही तोंडांनी ओढायला सुरुवात केली. त्या पाइपातनं काय काय निघालं, अख्खी नायलॉनची जाळी, मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या, सिमेंटच्या गोण्या, एक सायकलचा टायर. दुपारनंतर पाणी वळलं तेव्हा पहिल्यांदा मोरीतनं आतल्या बाजूला धार लागली, आणि पोरं त्या धारेबरोबर धावत आत गेली बघायला की पाणी कुठपर्यंत जातंय.

पण एवढ्याने भागणार नव्हतं, पाइप लहान आणि मुख्य म्हणजे उंच बसवलेला. पाइपाचा तळ वहाळाच्या तळापेक्षा वर असेल तर ओहोटीला आतलं पाणी पूर्ण निघत नाही, डबकं राहतं. हा मुद्दा कागदावर समजावण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. रस्ता ज्यांच्या ताब्यात ते म्हणायचे खाडीचा विषय आमचा नाही, खाडी ज्यांच्या ताब्यात ते म्हणायचे रस्ता आमचा नाही, आणि किनाऱ्याच्या बांधकाम नियमांचा, सीआरझेडचा, भाग असल्यामुळे कोणी स्वतःच्या सहीने काही लिहून द्यायला तयार नाही. दर वेळी नवा साहेब, दर वेळी पहिल्यापासून. एक गोष्ट कामाला आली ती सांगते, आम्ही खारफुटी हा शब्दच अर्जातनं काढला आणि लिहिलं की मोरी अपुरी असल्यामुळे पावसात रस्त्यावर पाणी येतं, जे खरंच येत होतं, सोबत फोटो. रस्त्याच्या दुरुस्तीत ते काम बसलं. रुंद पाइप दोन आले आणि खणताना आमचे चाचा तिथे ठाण मांडून बसले होते, वहाळाच्या तळाला तळ लागेपर्यंत त्यांनी काँट्रॅक्टरच्या माणसांना हलू दिलं नाही.

आत मग आम्ही हातानेच उथळ चर काढले, मधला एक मोठा आणि त्याला दोन्हीकडनं तिरके लहान मिळणारे. आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरलीय, माशाच्या काट्यासारखी रचना असते. आमची जागा छोटी म्हणून फावड्यावर भागलं.

आणि मग पुढच्या पावसात तिवराचं बी आलं. आम्ही आणलं नाही, पाण्याने आणलं. चपटं हिरवट बी असतं, पाण्यात भिजलं की वरची साल सुटते आणि आत दोन जाड पानं घडी घालून तयारच असतात. भरतीबरोबर मोरीतनं आत येऊन चराच्या कडेला थर लागायचा. त्यातली बरीच वाहून गेली, काही कुजली, पण जी बसली ती बसली. आज तिथे माझ्या खांद्यापर्यंतची तिवरं आहेत आणि मी काही उंचीला कमी नाही. कडेने मारांडीची काटेरी झुडपं आली, त्यात बगळे बसतात. चिप्पीची चार-पाच रोपं आपोआप आलीत, पांढरी चिप्पी म्हणजे 2020 पासून आपल्या महाराष्ट्राचा राज्य कांदळवन (म्हणजे खारफुटी) वृक्ष, त्याचं आमच्या पोरांना फार कौतुक, शाळेने तिथे पाटी लावलीय.

रोपं अजिबात लावली नाहीत असं नाही. तुटलेल्या बांधाच्या पुढे, जिथे कडा खचते, तिथे कांदळ लावला कारण त्याची ती कमानीसारखी मुळं माती धरतात. पण त्यासाठी नर्सरीही फार केली नाही. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंग लोंबते, पावसाळ्यात ती पिकली की शेंगेच्या वरच्या टोकाला पिवळसर कडं दिसतं आणि हात लावला की सुटते. ओढून काढावी लागत असेल तर ती कच्ची. अशा सुटलेल्या शेंगा गोळा करायच्या, खेकड्याने भोक पाडलेल्या टाकून द्यायच्या आणि वीतभर चिखलात उभ्या खोचायच्या, टोकदार बाजू खाली. लागवड भांगाच्या दिवसांत करायची म्हंजे पुढचं उधाण येईपर्यंत मुळं धरायला थोडे दिवस मिळतात. हे आम्हाला आक्कांनीच सांगितलं, नंतर वनविभागाच्या ट्रेनिंगमध्येही तेच सांगितलं.

गुरांचा त्रास मात्र विसरू नका. आमच्याकडे भातं काढली की गुरं मोकळी सोडतात आणि म्हशींना तिवराचा पाला फार आवडतो, उन्हाळ्यात हिरवं दुसरं असतं काय. पहिल्या वर्षी कोवळी तिवरं एका दुपारीत साफ झाली. कुंपणाला पैसे नव्हते, मग जुनी जाळी बांधली. पण खरा उपाय बैठकीत झाला, ज्यांच्या म्हशी त्यांनाच देखरेखीचे पैसे समितीतनं द्यायचे ठरले. त्यावर भांडणं झाली, अजूनही होतात, पण पाला वाचला.

समितीबद्दल. राज्यात 2012 मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष झाला आणि 2017 ला शासनाने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आणली. गावात सहव्यवस्थापन समिती करायची, गटांनी खेकडापालन, कालवंपालन, जिताडा मासा असं काही करायचं, त्याला गटासाठी 90 टक्के अनुदान आणि 10 टक्के गटाचे. बदल्यात गावाने कांदळवन राखायचं. कल्पना मला खरंच पटते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडी वल्हवत लोकांना खारफुटी दाखवतात, आम्ही बघून आलो, त्या बायका झाडांची नावं आणि उपयोग ज्या तोऱ्यात सांगतात ते बघून आमच्यातल्या अर्ध्या जणींनी परत येताना एसटीतच ठरवलं की आपणही काहीतरी करायचं.

आम्ही खेकडे घेतले. तिवरांमधे जाळीचं कुंपण, बारीक पिल्लं लांबनं तमिळनाडूच्या हॅचरीतनं मागवायची, स्वस्तातली मासळी खायला घालायची, आठ-नऊ महिन्यांनी मोठे खेकडे विकायचे. खरं सांगायचं तर हिशोबाला जेमतेम बसलं. खेकडा कात टाकतो तेव्हा मऊ असतो आणि बाकीचे त्याला खातात, लपायला पाइपचे तुकडे-कौलं ठेवली तरी संख्या कमी होतेच. शिवाय जुलैत वहाळाला पूर आला की गोडं पाणी आणि जाळीला ओंडके. आता आम्ही पावसाच्या आधी काढता येतील असे बाजारातनं घेतलेले कमी वजनाचे, पोकळ खेकडे थोडे दिवस ठेवून भरवून विकतो, त्यात जोखीम कमी आहे. ज्यांना कोणी सांगेल की खेकड्यात लाखो मिळतात त्यांनी आधी एखाद्या गटाची वही बघावी.

उलट मुळे आणि कोळंबी याने जास्त फरक पडला. मोरी मोकळी झाल्यापासून वहाळात कोळंबीची पिल्लं दिसतात, पाग (फेकायचं जाळं) टाकणारी पोरं तिथे परत जायला लागलीत. तिवराची पानं गळून कुजतात, त्यावर बारीक जीव, त्यावर पिल्लं, ही साखळी आहे. त्याचं अनुदान नाही आणि फॉर्मही नाही, पण ताटात दिसतं.

कार्बनचा विषय निघतोच, कारण मुंबईत कोणीतरी ऐकलेलं असतं की खारफुटीला कार्बनचे पैसे मिळतात. शास्त्र खरं आहे, खारफुटीचं जंगल जमिनीवरच्या जंगलापेक्षा तीन ते पाच पट कार्बन धरून ठेवतं आणि त्यातला बहुतेक झाडात नसतो, चिखलात असतो, कारण तिथे हवा पोचत नाही आणि पाला-मुळं पूर्ण कुजत नाहीत. म्हणूनच जुनं खाजण खणलं, भराव टाकला की शेकडो वर्षांचं साठलेलं परत हवेत जातं, नवीन रोपं लावून ते लवकर भरून येत नाही. पण पैसे मिळायला मालकी स्पष्ट लागते, वर्षानुवर्षं मोजणी लागते, क्षेत्र मोठं लागतं. आमच्या एवढ्याशा वहाळाला ते परवडत नाही. मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगते की या आशेवर कोणी येऊ नका. बांध टिकावा, विहीर गोडी राहावी, मुळे मिळावेत यासाठी या. जगभर समुद्र 1901 पासून 2018 पर्यंत 20 सेंटिमीटर चढला आणि आता चढायचा वेग वाढलाय, आमच्यासारख्या खालच्या वाडीला वीतभर पाणी म्हणजे काय ते उधाणाच्या रात्री कळतं. गाळ धरून हळूहळू स्वतःची जमीन वर उचलणारं दुसरं काही आमच्याकडे नाही, सिमेंटची भिंत तर ते करत नाहीच.

आता सातबारा, ज्याबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. आमच्याकडच्या खारफुटीचा मोठा भाग खाजगी जमिनीत आहे, जुन्या खाजणात. मुंबई हायकोर्टाने 2018 ला निकाल दिला की खारफुटी नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, जमीन कोणाचीही असो तोड बंद, आणि कडेने 50 मीटर बांधकाम नाही. निकाल फार महत्त्वाचा, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण गावात त्याचा अर्थ असा पोचला की तिवरं उगवली की जमीन सरकार घेणार. त्यामुळे काही जणांनी वादळानंतर घाईघाईने आपल्या खाजणातली तिवरं रात्रीची तोडली. ही माणसं वाईट नाहीत. आजोबांनी कसलेली जमीन, भात होत नाही, बांधायला परवानगी नाही, मोबदला नाही आणि वर राखायची जबाबदारी. जो राखतो त्याला काहीतरी मिळालं पाहिजे, हे मी प्रत्येक साहेबासमोर बोललेय आणि बोलत राहणार. आम्ही आमच्यापुरतं असं केलंय की ज्यांच्या जमिनीत तिवरं आहेत त्या प्रत्येक घराला खेकड्यांच्या गटात आधी जागा आणि देखरेखीच्या कामात आधी नाव. तेवढ्याने तोड थांबली. पूर्ण समाधान झालंय असं म्हणणार नाही.

रात्री रेती काढणाऱ्या होड्यांचं अजून काही जमलेलं नाही. सक्शन पंपाने तळ खणतात, मग कडा आपल्याच वजनाने खाली येते आणि तिच्याबरोबर तिवरं. चार वर्षांचं काम एका रात्रीत जातं. तक्रारी केल्यात, त्याच्यावर इथे जास्त लिहीत नाही कारण गावातलीच माणसं त्यात मजुरीला जातात आणि त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

सध्या वरच्या अंगाला दुसरी एक मोरी आहे ती करायचीय. तिथली जमीन एका सातबाऱ्यावर इतक्या नावांची आहे की निम्मी माणसं मुंबई-ठाण्यात, काही वारसांची नोंदच नाही, आणि चर खणायला सगळ्यांची संमती पाहिजे असं आम्हीच ठरवलंय, नंतर कोणी म्हणायला नको की आम्हाला विचारलं नाही. गणपतीत बरीच मंडळी आली तेव्हा घरोघरी नकाशा घेऊन फिरलो, आरतीनंतर ओटीवर बसून सह्या घेतल्या. ज्यांच्या राहिल्यात ते शिमग्याला पालखीला येणारच, तेव्हा घेऊ. काकींनी तिथल्या मुळ्यांच्या जागा आधीच खुणा करून ठेवल्यात, बांबू तयार आहेत. कोणाला बघायला यायचं असेल तर अष्टमी-नवमी बघून दुपारी या, साधी चप्पल घाला, चिखलात बूट अडकतो.